युद्धातून घरी पाठवायचं कोणाला? (बायबलमधलं ‘अनुवाद’ हे पुस्तक, अध्याय २०)

प्रश्न: या अध्यायात लढाईआधी काहींना परत पाठवायला सांगितलंय. नेमके कोण? प्रत्येक युद्धात हे लागू होतं का?

उत्तर १: नवं घर बांधून राहायला न गेलेला, मळा लावून फळ न चाखलेला, लग्न ठरून न झालेला, आणि भ्यालेला. मळ्याचं बारकाईनं बघा: बायबलच्या नियमानुसार पहिली ३ वर्षं फळ वर्ज्य, चौथ्या वर्षीचं पवित्र. म्हणजे लावणाऱ्याला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. घर, मळा, संसार, तिन्ही पुढच्या पिढीकडे जाणाऱ्या गोष्टी.

उत्तर २: सरसकट सवलत नाही, इथेच वाचणारे फसतात. मिश्नात (यहुदी धर्मनियमांचा प्राचीन संग्रह), त्यातल्या ‘सोटा’ या भागाच्या ८व्या अध्यायात, ती ऐच्छिक युद्धापुरतीच आहे. कर्तव्याच्या युद्धात नवरदेवानेही खोलीतून आणि नवरीनेही मांडवातून निघायचं. शिवाय परतलेल्यांनी पाणी, अन्न पुरवायचं, रस्ते नीट करायचे. लग्नाचं पहिलं वर्ष चालू असेल तर मात्र तेवढंही नाही.

उत्तर ३: जोडीला बायबलमधल्या यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अध्याय ३२ वाचाच. जेरुसलेमला वेढा, यिर्मया स्वतः कैदेत, तरी अनाथोथचं शेत १७ शेकेल (जुनं वजनाचं माप) चांदी तोलून घेतो. साक्षीदारांच्या सह्या, एक खरेदीखत मोहोरबंद, एक उघडं, दोन्ही मातीच्या भांड्यात, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून.

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वॉर्सा घेट्टोत इतिहासकार रिंगेलब्लुमच्या गटानं हेच केलं: कागदपत्रं टिकावीत म्हणून पुरून ठेवली. पुरलेल्या १० पत्र्याच्या पेट्या १९४६ मध्ये सापडल्या, पण आत पाणी शिरून कागद भिजले होते. १९५० मध्ये मिळालेल्या दुधाच्या २ कॅनमधले कागद बरेच शाबूत राहिले.