मदत हवी आहे: छोट्या पायथन फ्रेमवर्कमध्ये रिक्वेस्ट ग्लोबल ठेवावी की हँडलरला हातात द्यावी?

कारभारी४०४: अंतर्गत टूल्ससाठी डब्ल्यूएसजीआयवर (वेब सर्व्हर आणि पायथन ॲपमधला ठरलेला इंटरफेस) छोटं फ्रेमवर्क लिहितोय. पायथन ३.११, राउटिंग झालंय. अडलंय दोन ठिकाणी. रिक्वेस्ट फ्लास्कसारखी इम्पोर्ट करून कुठूनही वापरता यावी, की जँगोसारखी हँडलरचं (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या फंक्शनचं) पहिलं आर्ग्युमेंट असावी? आणि जेसन बॉडी फ्रेमवर्कनेच आधी पार्स करून ठेवावी का? टीमला दोन्हीकडे सोय हवीय.

वायरमन: आर्ग्युमेंट. फ्लास्कची रिक्वेस्ट म्हणजे प्रॉक्सी, खऱ्या रिक्वेस्टच्या जागी उभा मध्यस्थ. तिच्यामागे कॉन्टेक्स्टव्हार असतो, म्हणजे चालू कॉन्टेक्स्टपुरतीच किंमत ठेवणारा व्हेरिएबल. हँडलर चालू आहे तोवर सगळं गोड. मेल पाठवायला वेगळा थ्रेड काढलात की तो रिकामा कॉन्टेक्स्ट घेऊन सुरू होतो आणि 'वर्किंग आउटसाइड ऑफ रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट' अंगावर येतं. असिंकआयओत (पायथनची असिंक लायब्ररी) तर आणखी गंमत, काम दुसऱ्या थ्रेडवर टाकायच्या दोन वाटा: टू_थ्रेड कॉन्टेक्स्टची प्रत सोबत नेतं, रन_इन_एक्झिक्युटर नेत नाही. दिसायला दोन्ही ओळी सारख्याच. टेस्टचंही तसंच. आर्ग्युमेंट असेल तर खोटी रिक्वेस्ट बनवून हँडलर थेट बोलावता येतो. ग्लोबल असेल तर प्रत्येक टेस्टआधी कॉन्टेक्स्ट उभा करा.

कारभारी४०४: पण तीन थर खालच्या फंक्शनला युजर लागतो. तिथवर रिक्वेस्ट ओढत न्यायची?

वायरमन: रिक्वेस्ट कशाला? युजर आयडी द्या. खालच्या थराला एचटीटीपीचा वासही लागू नये.

ठिगळ: एक अपवाद धरा: लॉगमधला रिक्वेस्ट आयडी. तो प्रत्येक फंक्शनमधून फिरवणं म्हणजे शुद्ध हमाली. कॉन्टेक्स्टव्हारमध्ये ठेवा, लॉगिंग फिल्टरमधून वाचा. नाही मिळाला तर डॅश छापा, एरर नको.

बॉडी मात्र आधी पार्स करू नका. वेबहुकची (दुसऱ्या सेवेने आपणहून पाठवलेली रिक्वेस्ट) एचमॅक सही, म्हणजे गुप्त की वापरून काढलेला हॅश, मूळ बाइट्सवर असते. पार्स करून पुन्हा जेसन केलं की एखादी स्पेस इकडची तिकडे होते आणि सही जुळत नाही. मूळ बाइट्स एकदाच वाचून धरून ठेवा, जेसन ही मेथड करा, बोलावल्यावरच पार्स. नोडच्या एक्सप्रेस फ्रेमवर्कने २०१४ च्या ४.० मध्ये बॉडी पार्सर बाहेर काढले, ४.१६ मध्ये जेसनवाला परत आत घेतला, तरी तो आपण लावला तरच चालतो. त्याची बॉडीच्या आकाराची मर्यादा मुळात १०० केबी. तुम्हीही काहीतरी आकडा ठरवाच.

वाचताना लांबी न देता रीड करू नका: डब्ल्यूएसजीआयरेफचा (पायथनसोबत येणारा साधा) सर्व्हर तिथेच लटकतो, कारण खाली उघडा सॉकेट असतो आणि ब्राउझर तो बंद करत नाही. कॉन्टेंट-लेंग्थ (बॉडीची लांबी सांगणारा हेडर) गायब किंवा रिकामी स्ट्रिंग असू शकते, रिकाम्या स्ट्रिंगवर थेट इंट केलंत तर व्हॅल्यूएरर, ननवर टाइपएरर. आधी 'ऑर ०' लावा, म्हणजे किंमत नसेल तर शून्य धरलं जाईल.

कारभारी४०४: आणि जेसनच मोडकं आलं तर? नन परत देऊ?

ठिगळ: नको. नन हा जेसनमधल्या नलचा खरा अर्थ आहे, दोन्ही गोष्टी एकत्र होतील. एक्सेप्शन फेका: मोडकं जेसन ४००, मर्यादेबाहेर ४१३, कॉन्टेंट-टाइप भलताच असेल तर ४१५.