सेट-टॉप बॉक्स बंद करून लाइव्ह टीव्ही गेमिंग कन्सोलवरच बघावा का?

नऱ्हेकर

डीटीएचचं वर्षाचं रिचार्ज या महिन्यात संपतंय. टीव्हीखाली पीएस५ (सोनीचा गेमिंग कन्सोल) आहे, घरात फायबरचं इंटरनेट आहे, आणि या दोघांच्या शेजारी सेट-टॉप बॉक्स. माझं म्हणणं असं की यंदा रिचार्ज करायचंच नाही.

मराठी बातम्यांची चॅनेलं यूट्यूबवर चोवीस तास लाइव्ह असतात. पुण्याची विसर्जन मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावरून थेट दिसते, तीही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मालिका अॅपवर येतात. मग छत्रीचे, म्हणजे गच्चीवरच्या डिश अँटेनाचे, पैसे कशाला? २०१९ साली ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) नवे दर लागू झाले तेव्हा नुसतं कनेक्शन चालू ठेवायला १३० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे द्यावे लागत. सशुल्क चॅनेलांचे पैसे वेगळेच. नंतर नियम बदलले, पण तो हिशोब डोक्यातून जात नाही.

घरची परिस्थिती: बायको तटस्थ, आई विरोधात, मेव्हण्याचं मत 'खेळाच्या डब्यावर बातम्या बघणार का आता?' तुम्ही सांगा.

रात्रपाळी

शंभर टक्के सहमत. वाकडला आम्ही तिघं भाड्याने राहतो. मालकाने गच्चीवर छत्री लावू दिली नाही, केबलवाल्याने डिपॉझिट मागितलं, विषय संपला. एक्सबॉक्स सिरीज एस वर (मायक्रोसॉफ्टचा कन्सोल) यूट्यूब आणि प्राइम आहे, ज्याचं अॅप नाही ते एज ब्राउझरमध्ये उघडतो. दादा, तुमच्या पीएस५ ला ब्राउझरचं अॅप नाही हे मात्र लक्षात घ्या. पीएस४ ला होतं.

आणि लाइव्ह बघतो तरी किती आपण? मॅच, निवडणुकीचा निकाल, बजेट. बाकी सगळं आपल्या वेळेनुसार.

जिना_क्रमांक_तीन

पस्तीसएक वर्षं टीव्ही दुरुस्तीत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घाई असेल त्यांनी पुढे जावं.

डीटीएचचा सिग्नल ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाला जाऊन खाली येतो. या वर-खाली जाण्याला पाव सेकंद. चित्र डिजिटल करून दाबून बसवण्याचा (एन्कोडिंगचा) वेळ धरला तरी काही सेकंदांत चित्र घरात. इंटरनेटवरच्या थेट प्रक्षेपणाचं तसं नाही. तिथे चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते ठिकठिकाणच्या सर्व्हरवर पोचवतात, आणि तुमचं अॅप दोन-तीन तुकडे हाताशी जमा झाल्याशिवाय दाखवायला सुरुवातच करत नाही. म्हणजे वीस-तीस सेकंद मागे, कधी त्याहून जास्त. तुमच्या पीएस५ चा प्रोसेसर कितीही दणकट असला तरी यात एका सेकंदाचा फरक पडत नाही, कारण उशीर कन्सोलच्या आधीच झालेला असतो.

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही. आपलं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम किंवा ५० फील्ड (अर्ध्या फ्रेम). कन्सोल टीव्हीला सहसा ६० ने चित्र पाठवतो. पन्नासाचे साठ करायचे तर काही फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात. बातम्यांची खालची पट्टी सरकताना हिसके देते ते यामुळे. मॅचमध्ये कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे धावतो तेव्हाही दिसतं. ज्याला दिसत नाही तो सुखी. मला दिसतं.

रात्रपाळी

काका, तीस सेकंद उशिरा विकेट बघितली तर विकेट जाते की राहते?

जिना_क्रमांक_तीन

विकेट जातेच. फक्त ती गेल्याचं वरच्या मजल्यावरची पोरं आधी सांगतात, मग मोबाइल सांगतो, आणि मग तुमचा कन्सोल.

पौडरस्ता

यात एक भर. आमचे बाबा टीव्हीचा आवाज बंद करून आकाशवाणीचं समालोचन लावतात, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. सेट-टॉप बॉक्सवर चित्र आणि रेडिओ थोडे मागेपुढे होतात, पण चालवून घेतात. अॅपवर मॅच लावली तर रेडिओवर षटक संपतं तेव्हा इकडे गोलंदाज अजून रनअपला निघालेला असतो. त्यांनी दोनच दिवसांत 'तुमचं ते यंत्र काढा' म्हणून जाहीर केलं.

सूनबाई_सदाशिव

तंत्राचं जाणकारांनी लिहिलंच आहे. मी रोजचं लिहिते.

आमच्याकडे वर्षभर हाच प्रयोग चालू आहे, आणि हौस नवऱ्याची होती हे वेगळं सांगायला नको. सासूबाईंना संध्याकाळी सातला बातम्या आणि त्यानंतर मालिका लागते. रिमोटवर त्यांचं बोट न बघता जातं. कन्सोलवर काय करायचं? आधी कंट्रोलर शोधायचा. तो मुलाच्या उशीखाली सापडतो. मग त्याची बॅटरी उतरलेली. मग चार्जिंगची वायर लावून, सोफ्यापासून उठून, टीव्हीजवळ पाट टाकून बसायचं. मग पडदा विचारतो, कोण वापरतंय? सासूबाईंनी मुलाच्या नावावर दाबलं की त्याचा खेळ जिथे थांबवला होता तिथून सुरू होतो आणि कोणीतरी त्यांच्यावर गोळ्या झाडतं.

खरा तिढा पुढे आहे. सात वाजता मुलाचा मित्रांबरोबर ऑनलाइन सामना असतो आणि तो मध्येच थांबवता येत नाही म्हणे. बॉक्स होता तेव्हा भांडण एका टीव्हीवरून होतं. आता टीव्ही मोकळा असला तरी कन्सोल मोकळा नसतो.

नऱ्हेकर

ताई, पीएस५ चा मीडिया रिमोट वेगळा विकत मिळतो. नेहमीच्या रिमोटसारखाच दिसतो. शिवाय एचडीएमआय-सीईसी (टीव्हीच्या वायरवरूनच जोडलेल्या यंत्राला हुकूम द्यायची सोय) चालू केलं की टीव्हीच्या रिमोटनेही बरंच काम होतं. आईच्या नावाने वेगळं प्रोफाइल काढून त्यात फक्त यूट्यूब पुढे ठेवता येतं.

सूनबाई_सदाशिव

दोन आकडे दाबून चॅनेल लागत होतं त्यासाठी आता रिमोट विकत घ्या, सीईसी चालू करा, प्रोफाइल काढा. बरं.

जुना_खेळाडू

या धाग्यात एक इतिहास राहून जातोय. कन्सोल कंपन्यांनी हे पूर्ण ताकदीने करून बघितलंय आणि सोडून दिलंय.

सोनीने २००८ मध्ये युरोपात पीएस३ साठी 'प्लेटीव्ही' काढला. डब्यात दोन ट्यूनर (चॅनेल पकडणारे भाग) होते, एक कार्यक्रम बघता बघता दुसरा रेकॉर्ड करता यायचा. पण तो घरच्या अँटेनावर येणाऱ्या डिजिटल प्रक्षेपणासाठी. मग मायक्रोसॉफ्ट. २१ मे २०१३ ला एक्सबॉक्स वन पहिल्यांदा दाखवला तेव्हा खेळांच्या आधी टीव्हीवरच बोलत बसले. नुसतं बोलून चॅनेल बदला, खेळता खेळता बाजूला मॅच बघा. लोकांनी त्या भाषणातले 'टीव्ही, टीव्ही' एवढेच तुकडे जोडून व्हिडिओ फिरवले. मात्र कल्पना बिनडोक नव्हती. त्या कन्सोलला एचडीएमआय-इन होतं, म्हणजे सेट-टॉप बॉक्सची वायर कन्सोलमध्ये घालून पुढे टीव्हीला न्यायची. पण पन्नास-साठचा घोळ, जिना काकांनी सांगितलाय तोच, युरोपातल्या लोकांनी पहिल्याच वर्षी उचलून धरला आणि कंपनीला ५० हर्ट्झची सोय नंतर द्यावी लागली. २०१७ मध्ये बाजूला मॅच लावायची ती 'स्नॅप' सोयही काढली. २०२० चे सिरीज एक्स आणि सिरीज एस आले तेव्हा एचडीएमआय-इनच गायब.

सोनीची दुसरी खेप 'प्लेस्टेशन व्ह्यू'. अमेरिकेत मार्च २०१५ ला सुरू. इंटरनेटवरून थेट चॅनेलं, म्हणजे धागाकर्ते म्हणतात ते जवळपास तसंच. ३० जानेवारी २०२० ला बंद. चॅनेलांचे हक्क परवडेनात हे कारण. निन्टेन्डोचा टीव्हीआय तर तीन वर्षंही टिकला नाही.

तेव्हा ज्यांनी कन्सोल बनवला त्यांनाच त्याचा टीव्ही करता आला नाही. आपण नऱ्ह्यात बसून काय करणार?

रात्रपाळी

उदाहरणं बरोबर, निष्कर्ष उलटा. हे सगळं बंद पडलं ते टीव्ही अॅपवर गेला म्हणून. एचडीएमआय-इन काढलं कारण बॉक्सच जाणार हे त्यांना दिसलं. प्लेटीव्ही आज लागतोच कोणाला?

जिना_क्रमांक_तीन

इथे तो तेव्हाही चालला नसता. कायद्याने पुण्यासारख्या मोठ्या शहरांत केबल डिजिटल झाली तेव्हा, म्हणजे ३१ मार्च २०१३ ची मुदत होती, सिग्नल कुलूपबंद करणं बंधनकारक झालं. केबलवाल्याचं कार्ड नाही तर चित्र नाही. एक्सबॉक्स वनचा वेगळा ट्यूनर युरोपात २०१४ ला निघाला. त्याला केबलचा सिग्नल कळायचा, पण उघडा असेल तरच. आपल्याकडे 'कन्सोलवर टीव्ही' म्हणजे अॅपशिवाय दुसरा रस्ताच नाही. आणि अॅप देणं न देणं अॅपवाल्याच्या हातात. मॅच ज्या अॅपवर आहे ते तुमच्या कन्सोलवर, भारतीय खात्यावर मिळतं का, हे रिचार्ज सोडण्याआधी बघा. यूट्यूब मिळालं म्हणजे सगळं मिळालं असं नाही.

मीटररीडिंग

कोणी विजेचं विचारलं नाही म्हणून मी. पीएस५ वर व्हिडिओ बघताना साधारण ५० ते ७० वॅट जातात. एचडी बॉक्सला दहा-पंधरा. टीव्हीत खोचायच्या स्टिकला पाचाच्या आत. टीव्हीचे वेगळे, ते सगळीकडे सारखेच.

रोज पाच तास धरा, कारण आई घरात आहेत. साठ वॅटने महिन्याला नऊ युनिट. बॉक्सने दोन. स्टिकने एकही नाही. युनिटला सगळे आकार धरून दहा रुपये म्हटलं तर कन्सोलचे नव्वद. उन्हाळ्यात एसी चालू झाला आणि महावितरणच्या ३०० युनिटांच्या टप्प्याच्या काठावर असाल तर हेच नऊ युनिट पुढच्या दराने पडतील. बॉक्सचे दीडशे वाचवायला निघालात त्यातले सत्तरऐंशी मीटर घेऊन जाणार.

नऱ्हेकर

तरी सत्तर वाचलेच की! आणि दीडशे हे नुसते कनेक्शनचे होते. मी चॅनेलांसकट चारशेच्या आसपास भरतो.

मीटररीडिंग

मग स्टिक घ्या. किंवा टीव्ही स्मार्ट असेल तर त्यातच यूट्यूब आहे. मध्ये कन्सोल हवाच कशाला? तुमचा प्रश्न 'डीटीएच की इंटरनेट' असा आहे, आणि मांडलाय 'डीटीएच की पीएस५' असा.

पौडरस्ता

हा मुद्दा खरा. दुसरं, वीज गेली की काय? गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट बंद असते तेव्हा आमच्या इन्व्हर्टरवर टीव्ही, बॉक्स आणि राउटर आरामात चालतात. कन्सोल लावला तर बॅकअप लवकर संपतो. शिवाय चालू असताना वीज गेली की पुढच्या वेळी 'नीट बंद केला नव्हता' म्हणून स्टोरेज तपासत बसतो. बॉक्सला असला स्वाभिमान नाही, लाइट आली की तो जागा.

रात्रपाळी

आणि जुलैत धो धो पाऊस लागला की तुमच्या छत्रीवर 'सिग्नल उपलब्ध नाही'. तेव्हा आमच्या फायबरवर पाऊसच लाइव्ह दिसत असतो. खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला, हे सगळं मी कन्सोलवरच बघितलंय. डीटीएचवाल्यांना ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात.

जिना_क्रमांक_तीन

पावसाचं मान्य. डीटीएच ज्या लहरींवर येतं त्या केयू बँडला जोराचा पाऊस सोसत नाही. पण दहा-पंधरा मिनिटांत परत येतं. रस्ता खोदताना फायबर तुटली तर कोण कधी जोडतो ते सांगा.

रात्रपाळी

पुण्यात रस्ते खोदतात ही बातमी आहे का काका?

ओसरी

कोणी मासिक खर्चच नको म्हणत असेल तर डीडी फ्री डिश आहे. २००४ पासून चालू, महिन्याचं काही नाही, बॉक्स आणि छत्री एकदाच घ्यायची. आहे तीच छत्री चालू शकते, पण ती जीसॅट-१५ कडे, ९३.५ अंश पूर्वेकडे वळवावी लागेल. सह्याद्री आणि बातम्या मिळतात. मोठ्या मराठी चॅनेलांच्या रोजच्या मालिका तिथे असतील असं धरून चालू नका. त्या अॅपवर बघा. मग कन्सोल लावा नाहीतर स्टिक.

नऱ्हेकर

फ्री डिशचं डोक्यातच नव्हतं. आईला सह्याद्री आवडते.

तरी मी मूळ मतावरच आहे. स्टिक घेतली की आणखी एक अॅडॅप्टर, आणखी एक रिमोट, आणि टीव्हीतली अॅप्स पाच वर्षांत इतकी मंद झालीत की यूट्यूब उघडेपर्यंत चहा होतो. कन्सोलवर तेच अॅप लगेच उघडतं. उशिराचं म्हणाल तर आमच्या मजल्यावर क्रिकेट बघणारं दुसरं घर नाही. पन्नास-साठचे हिसके मला दिसत नाहीत, आता जिना काकांमुळे दिसायला लागले तर मात्र त्यांच्याकडे येईन.

सूनबाई_सदाशिव

एक राहिलं. घरात मूल आहे ना? दहावीचं वर्ष लागलं की कन्सोल माळ्यावर जातो. आमचा पुढच्या जूनला जाणार आहे, तारीख ठरलेली आहे. तेव्हा बातम्या कशावर बघणार?

नऱ्हेकर

मुलगी यंदा नववीत आहे. बायकोला हा प्रतिसाद दाखवलेला नाही.