मदत हवी आहे: पावसात मक्याच्या ट्रेला बुरशी लागतेय

चिपळूणजवळ परसात १५ कोंबड्या आहेत, गावरान आणि गिरिराज. त्यांच्यासाठी ट्रेमध्ये मका उगवतो. रात्रभर भिजवायचा, दिवसभर ओल्या बारदानात, मोड आले की भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये. उन्हाळ्यात आठवड्याभरात छान हिरवी चटई मिळायची. पाऊस लागल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशीच तळाला करडी बुरशी आणि आंबूस वास. मुळांची पांढरी लव नव्हे. ती पाणी मारलं की बसते, ही बसत नाही. असा ट्रे कोंबड्यांना देत नाही, थेट उकिरड्यावर.

चुन्याच्या निवळीत भिजवून पाहिलं, थर पातळ केला, फुटके दाणे निवडून काढले (हे कंटाळवाणं काम). फरक थोडाच. मका बाजारातला खाण्याचा, औषध लावलेलं बियाणं नाही. ट्रे मागच्या पडवीत असतात, तिथे वारा कमी, आणि पंखा लावायचा तर लाईटचा भरवसा नाही.

पावसाळ्यापुरता चटईचा नाद सोडून दोन-तीन दिवसांचे मोडच घालावेत का? त्यासाठी मका बरा की गहू? आणि अंड्यावरच्या कोंबडीला लेअर खाद्यासोबत रोज किती मोड दिले तर अंडी घटणार नाहीत?