जंतुनाशक, जीवाणुरोधक की नुसते सीलर?

सदाशिवपेठकर
कोथरूडमधील एका दंतचिकित्सालयासाठी रुग्णांचे माहितीपत्रक मराठीत करीत आहे. रूट कॅनालमध्ये गटापर्चा (मुळाच्या पोकळीत भरायचा रबरासारखा पदार्थ) आणि दाताची भिंत यांमधील बारीक फट ज्या लेपाने बुजवतात, त्या सीलरला मी 'जंतुनाशक' म्हटले होते. तेथील डॉक्टरांनी ते खोडून समासात, जीवाणूंची वाढ थांबवणारा या अर्थी, 'जीवाणुरोधक' लिहिले. रुग्णाच्या दृष्टीने या दोहोंत काही भेद आहे काय?

दंतवैद्य
भेद मोठा आहे. लवंगेच्या तेलातील युजेनॉल आणि झिंक ऑक्साइड यांचा सीलर ताजा असताना जीवाणू मारतो. इपॉक्सी रेझिनच्या सीलरचा हा गुण तो घट्ट झाला की बराच ओसरतो. कॅल्शियम सिलिकेटच्या सीलरचा सामू (पीएच) घट्ट होताना १२ च्या आसपास, म्हणजे तीव्र अल्कधर्मी, होतो, त्यात बहुतेक जीवाणू तगत नाहीत; तरी एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा चिवट जीवाणू प्रोटॉन आत ओढून घेऊन ११ च्या आसपासचा सामूही सोसतो. 'नाशक' वाचून रुग्ण समजतो की आता दातात जंतू उरलाच नाही, आणि तशी हमी कोणताही सीलर देत नाही. मुख्य सफाई त्याआधीच, कानशीने घासून व सोडियम हायपोक्लोराइटने धुऊन, झालेली असते.

शब्दवेध
परंतु 'जलरोधक' म्हणजे पाणी आत शिरू न देणारा. त्या चालीवर 'जीवाणुरोधक' म्हणजे जीवाणूंची वाट अडवणारा. वाढ थांबवणारा हा अर्थ त्यातून सरळ निघत नाही. मी 'वाढरोधक' लिहीन.

दंतवैद्य
वाट अडवणे हेच तर सीलरचे पहिले काम आहे! तोंडातले जीवाणू आत येऊ नयेत आणि आत उरलेले तिथेच कोंडले जाऊन त्यांचे पोषण तुटावे, यासाठीच तो भरतात. तुम्ही जो दोष म्हणून दाखवलात, तो अर्थ मला हवाच आहे.

शब्दवेध
मग दोन्ही गुण एकाच शब्दात कोंबू नयेत. दोन वाक्ये लिहावीत.

वाडेकर
मुळात 'सीलर' तरी कशाला? खिडकीची काच बसवणारे कारागीर जे लावत, ते लुकण. 'दंतलुकण' हा शब्द सहज रुळेल.

सदाशिवपेठकर
रुळेल असे वाटत नाही. रुग्ण 'दातात सिमेंट भरलं' म्हणतात आणि डॉक्टरही 'सीलर'च म्हणतात; ज्याला दोघांपैकी कोणीही ओळखत नाही असा शब्द पत्रकात घालून काय साधेल?

शब्दवेध
आमच्याकडे लुकणाला लांबी म्हणतात. दोन्ही एकच ना?

वाडेकर
मुळीच नाही. लांबी रंगाऱ्याची, भिंतीवर पसरायची. लुकण काचेच्या कडेला दाबून बसवायचे. सीलर या दुसऱ्या, लुकणाच्या जातीचा आहे.