पेशीतला 'ग्राहक' कोण?

सावदेकर: केळी पिकवण्यावर एक पत्रक मराठीत करतोय. रिसेप्टरला, म्हणजे पेशीतल्या संदेश ओळखणाऱ्या प्रथिनाला, 'ग्राहक' लिहिलं: "इथिलीन वायू पेशीतल्या ग्राहकाला चिकटतो." वखारीत मामांना वाचून दाखवलं. म्हणाले, "गिऱ्हाईक चिकटलं ते बरंच झालं, भाव काय देतं?" दुसरा शब्द सुचवा.

तापीकाठ: ग्राही. विषय संपला.

धुळेकरीण: कसला संपतो, आप्पा! आमच्या आजीच्या तोंडी ग्राही म्हणजे जुलाब धरणारं. कच्चं बेलफळ ग्राही. सरळ रिसेप्टर लिहा. ड्रिप, टिश्यूकल्चर म्हणणारा शेतकरी तेवढ्यानं अडखळत नाही.

तापीकाठ: मग पत्रक मराठीत तरी कशाला?

जुने मास्तर: शब्दाआधी वाक्य बघा. इन्शुलिनचा रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या पटलावर असतो, इन्शुलिन चिकटलं की कामाला लागतो. इथिलीनचं उलटं. त्याचे रिसेप्टर आत, आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीच्या आतल्या पटलांच्या जाळ्याच्या, पटलावर. वायू नाही तोवर 'पिकायचं नाही' म्हणून दम देत बसलेले. इथिलीन चिकटलं की ते गप्प होतात, मग साल पिवळी पडायला लागते. पिकणारं केळ स्वतःच इथिलीन सोडतं, म्हणून एक फणी पिकली की शेजारचीही पिकायला लागते. जुन्या वखारींत धुरी द्यायचे, त्या धुरातही इथिलीनच.

सावदेकर: म्हणजे हा तर शेतातला जागल्या! वास आला की डुलकी.

धुळेकरीण: झकास! पण मग इन्शुलिनवाल्याला काय म्हणाल? तो चाहूल लागली की उठतो.

तापीकाठ: उठतो तोच जागल्या. झोपतो त्याला आमच्याकडे मजुरी देत नाहीत.

काळीमाती: मुळात 'पेशी' तरी कुठे आपली? कोर्टातली पेशी ती, फारसी 'पेश'वरून.

तापीकाठ: ती वेगळी, भाऊ. ही संस्कृत, अर्थ मांसाचा तुकडा. हिंदीत अजून पेशी म्हणजे स्नायू, आपल्या पेशीला ते कोशिका म्हणतात.

काळीमाती: संस्कृत निघालं की सगळं गप्प! आमच्या गावात केळीसुद्धा 'केयी' आहे. ओळखतो तो 'वयख्या', लिहा बिनधास्त.

तापीकाठ: असा शब्द नाही.

काळीमाती: ग्राही तरी कोण बोलतं घरात?

धुळेकरीण: आजी बोलायची. जुलाबाला.

सावदेकर: मंडळी, पत्रक उद्या सकाळी छापायला जातंय. ग्राहक खोडलाय, तिथली जागा अजून कोरीच आहे.