मदत हवी आहे: 'गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज'बद्दल बोलायचंय, अडकलेय

नमस्कार मंडळी, मी सोलापूरची. आम्ही सातआठ जणी महिन्यातून एकदा पुस्तकावर बोलायला जमतो (खरं तर शेंगाचटणी-भाकरीसाठी जमतो, पुस्तक निमित्त). यावेळी नंबर माझा आणि मी हौसेनं अरुंधती रॉयचं हे घेऊन बसले, १९९७ चं बुकरवालं. गोष्ट केरळातल्या अयमेनमची, १९६९ मधली, मधेच एकदम २३ वर्षं पुढे जाते, तेवढं वहीत तक्ता काढून जमवलंय.

गाडी अडलीये ती जातीवर. नायिका अम्मूचं घर सिरियन ख्रिश्चन (केरळातले जुने, वरच्या जातीचे मानले जाणारे ख्रिश्चन), तिचं ज्याच्यावर प्रेम बसतं तो वेलुथाही ख्रिश्चनच, पण मूळ अस्पृश्य मानलेल्या जातीचा; त्याच्या आजोबांनी धर्म बदलला तरी चर्च वेगळं ते वेगळंच, आणि वर कागदावर ख्रिश्चन म्हणून आरक्षणाच्या सवलतीही गेल्या. शेजारच्या काकू आत्ताच विचारतायत, "अगं ख्रिश्चनांत कुठली आलीय जात?" १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात (या सवलती कुणाला, ते त्यावरून ठरतं) नंतर शीख आणि १९९० ला बौद्ध आले, ख्रिश्चन नाही आले, हे सांगणारच आहे, पण नुसता कायदा सांगून काकू गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत.

आणि वेलुथाचा बाप. एक डोळा काचेचा, तोही मालकिणीच्या, म्हणजे अम्मूच्या आईच्या पैशानं बसवलेला, आणि पोराचं अम्मूशी जुळलंय हे कळल्यावर तोच बाप रात्री पावसात येऊन मालकिणीला म्हणतो की पोराला माझ्या हातानं मारतो. हे वाचून दोन दिवस पुस्तक उघडलं नाही मी. त्या बापाबद्दल काय बोलायचं? कुणी यावर शिकवलं असेल, लिहिलं असेल तर प्लीज सांगा, मराठीतून. रविवारी दुपारी चारला बसतोय आम्ही.