परासरण की तर्षण?

पाटीपेन्सिल: आठवीतल्या भाचीचा अभ्यास घेताना अडलो. पुस्तकात ऑस्मॉसिसला ‘परासरण’ म्हटलंय, मराठी विश्वकोशात मात्र ‘तर्षण’ सापडलं. दोन्ही एकच ना? आणि ‘अवपरासारी’तला ‘अव’ कोणाचा, पेशीचा की द्रावणाचा? पोरगी दर वेळी उलटं लिहून येते.

बाराखडी: एकच. परा + सरण, म्हणजे पलीकडे सरकणं. पण काय सरकतं, कुठल्या बाजूला, याचा शब्दात पत्ता नाही. ‘तर्षण’ तृष् धातूवरून आलेला, तृष्णेच्या घरचा. ज्या बाजूला मीठ-साखर जास्त, ती तहानलेली. पाणी मधल्या पातळ पटलातून तिकडे ओढलं जातं. मला विचाराल तर हाच शब्द सरस, पाठ्यपुस्तकांत का रुजला नाही कोण जाणे.

अव, अति, सम ही विशेषणं द्रावणाची, पेशीशी तुलना करून लावलेली. अवपरासारी म्हणजे बाहेर क्षार कमी. तहान पेशीला, म्हणून पाणी आत. मनुका पाण्यात टाकल्या की टम्म होतात तशी. अतिपरासारीत उलट.

खमंग: उलट म्हणजे आमची कोशिंबीर! काकडी चोचवून मीठ घातलं आणि पाहुणे अर्धा तास उशिरा आले, की वाटीत तळं. ‘पाणी सुटलं’ म्हणतो आपण. मग लोणचं मुरतं तेही परासरणच?

बाराखडी: अर्धंच. मीठ लावल्यावर कैरीला सुटतं ते पाणी परासरणाचं. पुढे मीठ फोडीत शिरतं ते विसरण, म्हणजे जास्त असलेल्या बाजूकडून कमी असलेल्या बाजूकडे पसरणं. परासरणात पटलातून फक्त पाणी जातं, मीठ जागेवरच.

पाटीपेन्सिल: आणि सलाईन?

बाराखडी: समपरासारी. १०० मिलीत ०.९ ग्रॅम मीठ. पाणी तिथेही हलतं, पण जितकं आत तितकंच बाहेर, म्हणून तांबडी पेशी आहे तशी राहते. नुसत्या शुद्ध पाण्यात ती फुगून फुटते. वनस्पतीची पेशी फुटत नाही, पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची टणक भिंत, तिला आवरून धरते. ती नुसती ताठ होते. वनस्पतिशास्त्रात हिला ‘स्फीत’ म्हणतात. मलूल कोथिंबिरीचे देठ पाण्यात ठेवून बघा.

पाटीपेन्सिल: भाचीला तहानेचं सांगितलं, लगेच पटलं. आता विचारतेय, पेपरात ‘तर्षण’ लिहू का?

बाराखडी: नको! तपासणाऱ्याने विश्वकोश उघडलेला असेलच असं नाही. पेपरात परासरणच.